आजोळचं टक्कल

आमच्या ताईच्या मुलाचं कपाळ अठ्ठाविसाव्या वर्षी मागे सरकू लागलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. भाच्याचं नाक, रंग आणि गणितातली हुशारी दाजींच्या घराण्यातून आली आहे, हे त्याच्या बारशालाच ठरून गेलं होतं. आजोळच्या वाट्याला तेव्हा चष्मा आला होता. आता टक्कलही आलं.

मामाचं टक्कल भाच्याला लागतं, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे आणि वाईट म्हणजे विज्ञानही तिला अर्धीमुर्धी साथ देतं. पुरुषांच्या टकलाशी ज्याचं नातं सगळ्यात ठळक, तो अँड्रोजेन रिसेप्टरचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला एक्स मिळतं ते आईकडूनच. पुढे मात्र टकलाशी संबंध असलेल्या जनुकीय जागा शेकड्यांनी सापडल्या, आणि त्या आईबापांच्या दोन्ही घरांतून येतात. हे मी ताईला एका रविवारी सविस्तर समजावून सांगितलं. ती ऐकत होती, पण समोर दाजी केसांना मेंदी लावून बसले होते. वय बासष्ट, आणि मेंदी भिजवायला अजून मोठं पातेलं लागतं. असं डोकं समोर असताना शेकडो जनुकं काय सिद्ध करणार?

तरी गुन्हेगार सापडला म्हणून इतर संशयित सुटले असं झालं नाही. पुण्यात केस का गळतात असं विचारलं, तर वाकड-हिंजवडीकडचा माणूस टँकरच्या पाण्याकडे बोट दाखवतो आणि पेठेतला माणूस हेल्मेटकडे. हेल्मेटने टक्कल पडत असतं तर खुद्द पुण्यात ते एकाचंही पडायला नको होतं. ताईचा संशय जागरणावर, दाजींचा जेलवर, आमच्या आईचा डोक्याला तेल न लावणाऱ्या सगळ्या पिढीवर. उपायही त्या त्या पक्षाचे होते. माका, जास्वंद आणि वडाच्या पारंब्या घालून उकळलेलं तेल गावाहून आलं. कांद्याचा रसही झाला. २००२ साली बगदादमध्ये कांद्याच्या रसावर एक छोटा अभ्यास झाला होता आणि त्यातून बरे निकाल आले होते, पण तो होता चाईवर, म्हणजे गोल चकत्यांनी केस जातात त्या आजारावर. घराण्याने चालत आलेल्या टकलाला कांद्याचा वास तेवढा येतो. भाच्याने तो महिनाभर लावला आणि ऑफिसात त्याच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या.

खरं कारण शोधायचं काम माणसं फार पूर्वीपासून करत आली आहेत. सुश्रुतसंहिता म्हणते, वाताच्या संगतीने पित्त केसांच्या मुळाशी जाऊन ते पाडतं आणि मग रक्तासह कफ ती छिद्रं बुजवतो, म्हणून नवे केस येत नाहीत. अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली, वयात येण्याआधीच वृषण गमावलेल्या पुरुषांची डोकी तपासली. त्यांना टक्कल पडलेलं नव्हतं. टेस्टोस्टेरॉन द्यायला सुरुवात केल्यावर मात्र, ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले. म्हणजे टकलाला पुरुषी संप्रेरक हवं, घराणं हवं आणि वय हवं. यातलं पहिलं सोडायला कोणी तयार होत नाही, दुसरं निवडता येत नाही आणि तिसरं थांबत नाही.

त्याच हॅमिल्टन यांनी टकलाच्या पायऱ्या आखल्या आणि १९७५ मध्ये नॉरवुड यांनी त्या सुधारल्या. एक ते सात. एक म्हणजे दाजी. सात म्हणजे कानावरून मागे जाणारी झालर तेवढी उरलेली. तो तक्ता भाच्याच्या फोनमध्ये होता. स्वतःला त्याने तीनवर बसवलं होतं आणि मला, न विचारता, सहावर.

आपण सगळे ‘केस गळतात’ म्हणतो आणि उशीवर, कंगव्यात, मोरीच्या जाळीवर पुरावे गोळा करतो. ताईने तर काही दिवस ते मोजलेही. पण रोज ५० ते १०० केस कोणाचेही जातात. दाजींचेही. केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने विश्रांती घेऊन पडतो आणि त्याच मुळातून नवा येतो. टकलात घोटाळा होतो तो या नव्या येणाऱ्यात. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणाऱ्या डीएचटी नावाच्या संप्रेरकाने माथ्यावरची मुळं हळूहळू आक्रसतात, दर फेरीला केस आधीपेक्षा बारीक आणि अल्पायुषी उगवतो आणि शेवटी डोळ्यांना न दिसणारी लव राहते. जवळजवळ निम्मे केस असे हरवेपर्यंत आरशात काही कळत नाही. न्हाव्याला कळतं, पण त्याला गिऱ्हाईक टिकवायचं असतं, म्हणून तो म्हणतो, ‘‘साहेब, या बाजूने भांग पाडला तर?’’

शिवाय सगळं टक्कल एका जातीचं नसतं. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण किंवा मोठं ऑपरेशन झालं की दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात आणि बहुतेकांचे आपले आपण परत येतात. कोविडनंतर हे घरोघरी पाहिलं. थायरॉइड असतं, रक्तात लोह कमी असतं. आणि २०२४ च्या अखेरीस बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात जे झालं ते तर सगळ्या कल्पनांपलीकडचं. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत बायका, पोरं, म्हातारे, सगळ्यांचे केस दोन-चार दिवसांत हातात येऊ लागले. आधी शाम्पूवर संशय गेला, मग पाण्यावर. आयसीएमआरची पथकं आली, रक्तात सेलेनियम जास्त सापडलं आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्या गावांशी सोयरीक करायला लोक कचरू लागल्याच्या बातम्या वाचल्या तेव्हा मला माझ्या टकलावरचे विनोद काही दिवस सुचेनासे झाले. सांगायचं एवढंच, की केसांच्या डॉक्टरचं पहिलं काम केस का जातात हे ओळखणं. सुई-चिमटा फार नंतर येतो.

आम्ही पहिल्यांदा गेलो तिथे मात्र सगळं त्यानंतरचंच होतं. एका मॉलचा वरचा मजला, पांढरे सोफे, भिंतीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो. ‘आधी’च्या फोटोंतली माणसं ट्यूबलाइटखाली, ओल्या केसांनी, आयुष्याला कंटाळून बसलेली. ‘नंतर’ची माणसं उन्हात, कलप आणि कोट घालून. मला वाटतं, एवढं ऊन आणि एवढा कोट दिला तर मीही बरा दिसेन. एक तरतरीत मुलगी आली. तिचं पद काउन्सेलर. तिने भाच्याच्या कपाळावर मार्करने एक रेघ ओढली आणि आरसा धरला. रेघ अगदी अकरावीच्या ओळखपत्रातल्या फोटोत होती तिथेच. भाचा त्या रेघेकडे असा पाहत राहिला की मला भीती वाटली, हा आत्ताच सही करतो.

‘‘चार हजार ग्राफ्ट, सर. एका दिवसात. हप्ता बिनव्याजी. आज बुकिंग केलंत तर पीआरपीची चार सेशन फ्री.’’ मग माझ्या टोपीकडे पाहून, ‘‘सरांचं पण करायचंय? फॅमिलीला डिस्काउंट आहे.’’

‘‘डॉक्टर कुठे आहेत?’’ मी विचारलं.

‘‘डॉक्टर ऑपरेशनच्या दिवशी भेटतील ना.’’

ग्राफ्ट म्हणजे काय हे आईला घरी येऊन सांगावं लागलं. केस डोक्यावर सुटे सुटे उगवत नाहीत. एकेका जागी एक ते चार केसांचं छोटं बेट असतं. असं बेट मागच्या बाजूने मुळासकट काढायचं आणि पुढे छिद्र पाडून बसवायचं. मागचंच का, तर कानामागून मानेपर्यंतच्या पट्ट्यातल्या मुळांवर डीएचटीची मात्रा सहसा चालत नाही, आणि पुढे आणून लावली तरी ती आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. जपानमध्ये ओकुडा यांनी भाजलेल्या रुग्णांवर असं काम करून १९३९ मध्ये ते छापलंही होतं, पण नंतरच्या युद्धात ते जपानबाहेर कोणी वाचलं नाही. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइश यांनी १९५२ मध्ये टकलावर हा प्रयोग केला आणि १९५९ मध्ये त्याचं तत्त्व मांडलं. त्या काळी चार-चार मिलिमीटरचे गोल तुकडे बसवत, त्यामुळे बाहुलीच्या डोक्यावर असतात तसे झुबके दिसायचे. आता एकेक बेट वेगळं काढतात.

आई संगमेश्वरकडची. तिने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, ‘‘म्हणजे तरवा काढून लावणी.’’

इतकं सोपं आम्हाला मॉलमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. पण तरवा पुढल्या वर्षी पुन्हा पेरता येतो. डोक्याच्या मागचं रोप एकदाच मिळतं, जिथून काढलं तिथे पुन्हा उगवत नाही. मागचा भाग उघडा न पडता आयुष्यभरात काढता येण्यासारखी बेटं बहुतेकांकडे साधारण पाच-सहा हजार, काहींकडे त्याहून कमी. आणि लावणीने गळती थांबत नाही. लावलेले राहतात, त्यांच्या आजूबाजूचे मूळचे जात राहतात. अठ्ठाविसाव्या वर्षी चार हजार खर्चून अकरावीची रेघ गाठली, तर पंचेचाळिसाव्या वर्षी पुढे दाट कुंपण, त्यामागे मोकळं मैदान, आणि ते भरायला मागे शिल्लक काही नाही. मला तर वाटतं, निव्वळ टक्कल यापेक्षा पुष्कळ देखणं. त्यात निदान सुसंगती असते.

एवढं कळल्यावर आमची प्रश्नपत्रिका बदलली. कोणाचा भाव किती हे मागे पडलं. चिरा कोण देणार, काढणार कोण, त्या दिवशी त्याच डॉक्टरांचे आणखी किती रुग्ण शेजारच्या खोल्यांत असतील, काढताना किती मुळं तुटतात, वर्षानंतरचे फोटो आहेत का आणि ते एकाच उजेडात, कंगवा फिरवून काढलेले आहेत का, असं भाचा विचारू लागला. बऱ्याच ठिकाणी या प्रश्नांनंतर आमचा चहा येईनासा झाला.

एका ठिकाणी डॉक्टर भेटले, पण ते दातांचे निघाले. दुसऱ्या ठिकाणी भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवर सोनेरी किनार फार होती आणि ती सगळी दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळांची होती. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ही शस्त्रक्रिया रीतसर शिक्षण झालेल्या डॉक्टरनेच, म्हणजे मुख्यतः त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लॅस्टिक सर्जनने करावी, मदतनिसांनी त्यांच्या देखरेखीखाली मदत करावी, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. सरकारी कागदात यूट्यूबचं नाव यावं लागलं, यावरून बाहेर काय चाललं असेल ते समजून घ्यावं. मुंबईत २०१९ साली एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत साडेनऊ हजारांच्या आसपास ग्राफ्ट बसवून घेतले आणि त्यानंतर लवकरच त्यांचा मृत्यू झाला. जागा बधिर करायच्या औषधालाही एका दिवसाची मर्यादा असते. ‘एकाच दिवसात सगळं’ हे वाक्य म्हणूनच मला दुकानदाराचं वाटतं.

मधेच इस्तंबूलचा विषय निघाला. भाच्याच्या कंपनीतला एकजण तिकडे जाऊन आला होता. विमान, हॉटेल, केस, सगळं एका पॅकेजात. परतीच्या विमानात म्हणे निम्म्या पुरुषांच्या डोक्याला पट्ट्या होत्या आणि कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. तिथेही उत्तम सर्जन आहेत आणि तिथेही दिवसाला डझनभर डोकी काढणारे कारखाने आहेत. पण इथे डॉक्टर चुकला तर रिक्षा करून भांडायला जाता येतं, या दाजींच्या मुद्द्यावर तो विषय संपला.

शेवटी ज्या डॉक्टरांकडे स्थिरावलो त्या एक मध्यमवयीन बाई, त्वचारोगतज्ज्ञ. दवाखाना जुन्या इमारतीत, बाहेर इसबाचे आणि नायट्याचे रुग्ण, सोफा नाही. त्यांनी भाच्याला मार्कर लावलाच नाही. आधी रक्ततपासणीचे कागद पाहिले, मग छोट्या दुर्बिणीने माथा, कानशिलं आणि मागची बाजू चौरसाचौरसाने पाहिली. मग माझ्याकडे वळल्या.

‘‘हे कोण?’’

‘‘मामा,’’ ताई म्हणाली. तिच्या आवाजात ‘आरोपी क्रमांक एक’ असा भाव होता.

‘‘टोपी काढता का जरा?’’

माझ्या डोक्याकडे इतक्या आस्थेने आजवर कोणी पाहिलेलं नाही. भर्तृहरीच्या नीतिशतकात, आणि वामन पंडितांमुळे मराठीतही, एक टकला उन्हाने भाजून सावलीला जातो आणि झाडावरचं फळ नेमकं त्याच्याच माथ्यावर पडतं. आमच्या जातीची साहित्यातली नोंद ही अशी. इथे मात्र बाईंनी दिवा जवळ ओढला, दुर्बीण माझ्या भोवऱ्यावर, मग मानेवर टेकवली, ‘‘कितव्या वर्षी सुरू झालं? पुढून आधी की मागून? पस्तिशीत कुठपर्यंत होतं?’’ असं विचारत सगळं लिहून घेतलं. मी सात-आठ मिनिटं वैद्यकीय कागदपत्र होऊन बसलो होतो. भाच्याचं पुढचं डोकं कसं होईल याचा अंदाज घ्यायला माझ्याइतका स्वस्त अहवाल कुठल्या लॅबमध्ये मिळाला असता?

‘‘वडिलांकडे कोणाला?’’

‘‘छे छे, त्यांच्याकडे सगळ्यांचे दाट,’’ ताई म्हणाली.

‘‘काका, आजोबा?’’

ताई थांबली. पर्सचा बंद उघडला, मिटला. मग हळूच म्हणाली, ‘‘आमचे मोठे भावजी... ते टोप घालतात. पण हे बाहेर कोणाला माहीत नाहीये.’’

मी मोठ्या भावजींना तीस वर्षं ओळखतो. त्यांच्या भांगाचं मी एकदा कौतुकही केलं होतं. भाचा आईकडे पाहत होता आणि मी भिंतीवरच्या नायट्याच्या चित्राकडे. काही विजय मोठ्याने साजरे करता येत नाहीत.

बाईंनी दोन्ही घराणी मांडून निकाल दिला. मुलगा कदाचित मामाच्या पायरीपर्यंत जाईल असं धरून चालायचं. म्हणून आत्ता ऑपरेशन नाही. वर्षभर औषध, दर तीन महिन्यांनी त्याच खुर्चीत, त्याच दिव्याखाली फोटो. गळती आवरली तर पुढचं बघू, तेही थोडक्यात. रेघ उंच आणि कोपऱ्यांत जराशी आत गेलेली, पन्नाशीच्या चेहऱ्यालाही शोभेल अशी. भोवऱ्याला शेवटी हात लावायचा, कारण तो पसरत जातो आणि कितीही ओतलं तरी भरत नाही. छिद्रं त्या स्वतः पाडतात, काढायचं काम त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, दिवसाला रुग्ण एकच.

जिन्यावर ताई म्हणाली, ‘‘नाही म्हणतेय म्हणजे तिला येत नसेल.’’

गिऱ्हाईक समोर पैसे घेऊन बसलेलं असताना ‘आत्ता नको’ म्हणणारा सर्जन, हीच माझी कसोटी. भाच्याचाही कौल तिकडेच पडला. मॉलमध्ये त्याला अकरावीतलं कपाळ दाखवलं होतं, इथे पन्नाशीतलं. त्याचं म्हणणं, पन्नाशीत तो खरोखर जाणार आहे, अकरावीत नाही.

औषधांचं वर्ष ऑपरेशनपेक्षा जास्त नाट्यमय निघालं. फिनास्टेराइडची गोष्ट सुरू होते डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या एका खेड्यात. तिथे काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना मुलगे होत. त्यांच्या शरीरात डीएचटी बनवणारं एक विकर कमी होतं, असं १९७४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट लहान राहायची आणि त्यांना टक्कल पडत नसे. तेच विकर अडवणारी गोळी अमेरिकेत १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी आणि १९९७ मध्ये पाचपट कमी मात्रेत केसांसाठी मंजूर झाली. बाईंनी दुष्परिणामही स्पष्ट सांगितले. काही थोड्या पुरुषांची कामेच्छा कमी होते, कोणाला उदास वाटतं, तसं झालं तर लपवायचं नाही, लगेच यायचं. बाई हे ताईसमोर आणि माझ्यासमोर सांगत असताना आम्ही तिघांनी तीन वेगवेगळ्या भिंती निवडल्या. शिवाय घरात गरोदर बाई असेल तर फुटलेल्या गोळीला तिचा हात लागू द्यायचा नाही. ‘‘आधी लग्न तर होऊ दे,’’ ताई म्हणाली.

दुसरं औषध मिनॉक्सिडिल. ही मूळची रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवू लागले, आणि कोणीतरी शहाण्याने ते हवे तिथे उगवून पाहिले. १९८८ पासून अमेरिकेत ते डोक्याला लावायला मिळतं. याची गंमत अशी, की सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस जास्तच पडतात, कारण विश्रांतीतले केस नव्यांना जागा देऊन निघतात. ताईला हे आधी सांगून ठेवलं होतं, तरी तिने दोनदा बाटली लपवली. मग कळलं की हे औषध मांजरांना विषारी असतं. आमच्या ताईकडे एक बोका आहे आणि तो भाच्याच्या उशीवर झोपतो. त्या दिवसापासून भाच्याने औषध लावलं की बोक्याला खोलीबंदी, उशीची खोळ रोज धुवायची, बाटली कपाटात कुलपाखाली. भाच्याच्या डोक्याची जेवढी काळजी घरात तीन वर्षांत कोणी केली नसेल तेवढी बोक्याच्या जिभेची झाली.

आणि दोन्ही औषधं चालू ठेवायची. सोडली की काही महिन्यांत कमाई परत जाते. ऑपरेशनने यातून सुटका होते असं वाटणाऱ्यांना हे कोणी आधी सांगत नाही.

वर्षाने फोटो शेजारी शेजारी ठेवले. गळती थांबल्यासारखी होती, माथा थोडा भरला होता. तेव्हा कुठे बाईंनी अठराशे ग्राफ्टचं ऑपरेशन केलं. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सकाळी गेला, संध्याकाळी कपाळ सुजवून आला, आठवडाभर बसून झोपला. तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळू लागले आणि ताईचा फोन आला, ‘‘अरे, विकतचेही गेले!’’ वरचा केस जातो, मूळ आत राहतं, तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतं, खरं रूप वर्षाने, हे कागदावर लिहून दिलेलं होतं. तिने कागद वाचला, पण मला फोन करायचाच होता. मोठ्या भावजींची गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही ना, हेही तिला विचारून घ्यायचं होतं.

याच काळात, डोक्यावर चार महिन्यांची कोवळी उगवण असताना, एक स्थळ आलं. ताईचं म्हणणं होतं की विषय काढायचा नाही. पण मुलीच्या वडिलांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, ‘‘मुलाला कुठलं औषध वगैरे सुरू नाही ना?’’ आणि भाचा पोह्याची बशी खाली ठेवून म्हणाला, ‘‘आहे. केसांचं. गोळी रोज, आणि लावायचं एक. ऑपरेशनही झालंय.’’

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी लिंबाच्या फोडीकडे.

मुलीने मात्र मान वर केली. तिच्या दादाचं झालेलं होतं म्हणे, कुठेतरी घाईघाईत, आणि आता पुन्हा करायचं म्हटलं तर डॉक्टर नको म्हणतात. तिने भाच्याला विचारलं, ‘‘मागचे किती शिल्लक ठेवलेत?’’

भाचा खुलला. ‘‘अठराशेच काढलेत. अजून तीनेक हजार आहेत.’’

एवढा वेळ श्वास रोखून बसलेल्या ताईला वाटलं, बोलणी बँकेच्या खात्यावर आली. ‘‘छे हो, तीन हजार काय,’’ ती घाईघाईने म्हणाली, ‘‘फ्लॅटचा हप्ता जाऊन पुष्कळ उरतात त्याचे!’’